उताणं की ताठ

फोन वाजला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मास्तरीणबाई पुढच्या अंकासाठी आलेला लेख कापत होत्या. लेख पायऱ्या चढणाऱ्या खुर्चीवर होता, आणि लेखकाने खुर्चीपेक्षा पायऱ्यांचंच कौतुक जास्त केलं होतं. पेन्सिल कानावर खोचून त्यांनी रिसीव्हर उचलला.

"कार्डवाल्या बाई का?" पुरुषाचा आवाज, धाप लागलेला. "ते तुमचं खुर्चीच्या खिशात ठेवायचं कार्ड आलंय ना, त्यात दिलंय तसं सगळं केलंय आम्ही. फक्त एवढंच विचारायचं होतं, किती वेळ ठेवायचं? त्यात वेळ दिलेली नाही."

"काय किती वेळ ठेवायचं?"

"पोरीला. उताणी निजवून."

मास्तरीणबाई मणक्याला इजा झालेल्या लोकांसाठी निघणारी एक मासिक पत्रिका चालवत होत्या. वर्गणीदार सहाशे बारा, कचेरी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, दाराला उंबरठा नाही. आधी त्यांनी चौदा वर्षं शाळेत शिकवलं, मग एका वळणावर गाडी उलटली, आणि छातीच्या मध्यापासून खालचं शरीर त्यांच्या ओळखीचं राहिलं नाही. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांना आता नऊ वर्षं होत आली होती. नाव मात्र शाळेचंच चिकटलं.

या महिन्याच्या अंकासोबत त्यांनी एक कार्ड काढलं होतं. तळहाताएवढं, पाण्याने न भिजणारं, खुर्चीच्या खिशात कायम ठेवायचं. त्यावर दोन चौकटी होत्या, कारण मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला दोन संकटं येतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतात. पहिल्यात रक्तदाब एकदम चढतो. खाली कुठेतरी काहीतरी दुखत असतं, लघवी तुंबलेली असते, बूट चावत असतो, पण ते दुखणं माणसाला कळत नाही. शरीर मग दुसऱ्याच दाराने बोंब मारतं: डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. अशा वेळी माणसाला ताबडतोब ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे आणि दुखणारी गोष्ट शोधून काढायची. आडवं केलं तर दाब आणखी चढतो आणि मेंदूतली शीर फुटू शकते. दुसऱ्या संकटात दाब एकदम उतरतो. चेहरा पांढरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा मात्र उताणं निजवायचं आणि पाय उंच करायचे.

"चेहरा कसा आहे तिचा?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"लाल आहे. टोमॅटोसारखा. आणि डोकं फुटतंय म्हणते, मागून घणाचे घाव बसल्यासारखं. लाल चौकटीत तसंच दिलंय ना? म्हणून लाल चौकटीतलं केलं. उताणी निजवली, पायाखाली दोन उशा. दहा मिनिटं झाली. पण कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय हो."

"काका, तुम्ही निळी चौकट वाचलीत. लाल चौकटीत..." असं म्हणता म्हणता त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड ओढलं.

डावीकडे लाल चौकट होती. वर ठळक अक्षरात "डोकं ठणकतंय, चेहरा लाल". त्याखाली उताणा निजलेला माणूस, पाय उशीवर, आणि चित्राखाली ओळ: "ताबडतोब उताणं निजवा." उजवीकडे निळी चौकट होती. "चक्कर येते, चेहरा पांढरा." त्याखाली खुर्चीत ताठ बसवलेली बाई.

भीती वाटली की हातपाय गळतात, पोटात गोळा येतो, पायाखालची जमीन सरकते, असं म्हणतात. मास्तरीणबाईंच्या बाबतीत यातलं बरंचसं होण्यासारखं नव्हतं. पोट आणि पाय नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि जमिनीशी संबंध चार चाकांपुरता. त्यांची भीती सगळी वरच्या अर्ध्यात गोळा व्हायची. आता ती मानेतून चढली, कानांत शिरली आणि टाळूवर जाऊन बसली. त्यांनी कार्ड टेबलावर दाबून धरलं.

सोमवारी दुपारी काय झालं ते त्यांना लख्ख आठवलं. कार्ड जवळजवळ तयार होतं. मजकूर त्यांनी तीन वेळा वाचला होता, डॉक्टरांनी दोन वेळा, आणि तो बरोबर होता. फक्त चित्रं खटकत होती. डावीकडची बसलेली बाई डावीकडे, म्हणजे कार्डाबाहेर बघत होती. उजवीकडच्या निजलेल्या माणसाचं तोंडही बाहेर होतं. छापखान्यात जुन्या माणसांनी त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती: चित्रातला चेहरा पानाच्या आत बघायला हवा, बाहेर बघणारा चेहरा वाचकालाही बाहेर घेऊन जातो.

"बाई, एवढ्याशा कार्डाला कसलं आत आणि कसलं बाहेर?" मांडणी करणारे चौकटराव म्हणाले होते. जिथे तिथे चौकट टाकायची खोड, म्हणून त्यांचं हे नाव. "फारच वाटत असेल तर चित्रं आरशातल्यासारखी उलटवतो."

"उलटवली तर शर्टाची बटणं चुकीच्या बाजूला येतील. मग भिंगवालीचं पत्र येईल."

भिंगवाली म्हणजे एक वर्गणीदार मुलगी. दर अंकातल्या चुका शोधून, पान आणि ओळ देऊन, ती पोस्टकार्डावर पाठवायची. चौकटराव तिला यमदूत म्हणत.

"मग चित्रांची अदलाबदल करा," मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या. "हे तिकडे, ते इकडे. दोघंही आत बघतील."

चौकटरावांनी केली. चित्र आणि त्याखालची ओळ त्यांनी एकत्र बांधलेली होती, त्यामुळे ओळीही चित्रांबरोबर गेल्या. मथळे जागच्या जागी राहिले. शेवटचा नमुना मास्तरीणबाईंनी स्वतः बघितला. चेहरे आत बघत होते. त्यांनी सही केली. मंगळवारी सहाशे बारा पाकिटं पोस्टात पडली आणि आज गुरुवार होता.

"हॅलो? बाई? गेलात काय?"

"आहे. काका, तिला उठवून बसवा. लगेच."

"बसवू? पण यात तर..."

"कार्ड बाजूला ठेवा. ताठ बसवा, पाय खाली सोडा."

"अहो, असं कसं? छापलंय ना स्वच्छ. चित्र काढून दाखवलंय." आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "तीसुद्धा मघापासून तेच म्हणते, बसव, बसव. मी म्हटलं डोकं दुखणारं माणूस काहीही बोलतं, आपण छापलंय तसं करावं. तुम्ही कोण बोलताय नक्की? मोठ्या बाई नाहीत का तिथे?"

मास्तरीणबाईंच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते त्यांना नंतर फार दिवस आठवत राहिलं. त्या म्हणाल्या, "कार्डात थोडीशी गफलत झाली असण्याची शक्यता आहे." अंक उशिरा निघाला की वर्गणीदारांना कळवायचं ते वाक्य. यात चार सेकंद गेले.

"शक्यता म्हणजे?" माणूस म्हणाला. "म्हणजे नक्की नाही ना? मग मी काय करू, शक्यतेवर पोरीला हलवू?"

"काका, ऐका. कार्ड चुकीचं आहे. मी छापलंय, मीच ती मोठी बाई. चित्रं माझ्या सांगण्यावरून उलटसुलट झाली. तुम्ही तिला आडवं ठेवलंय, त्याने ती मरेल. बसवा."

 पलीकडून तोंड बाजूला करून मारलेली हाक ऐकू आली. "ताई! ये इकडे, हात लाव. बसवायचीय हिला."

"फोन उशीवर ठेवा आणि आवाज मोठा करा," मास्तरीणबाई ओरडल्या. चौकटराव आतल्या खोलीतून धावत आले. मास्तरीणबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवून टेबलावरचं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं आणि दोन्ही मथळ्यांवर पेन्सिल टेकवली. चौकटरावांनी बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं.

"आई गं," ते म्हणाले.

"नंतर. आधी ॲम्ब्युलन्स. काका, वर्गणी कोणाच्या नावावर आहे? पत्ता शोधायचाय."

"पोरीच्याच," आवाज दुरून आला. "तुम्हाला पत्रं लिहिते ना, चुका काढून, तीच."

चौकटरावांनी यादी उघडायच्या आधीच पत्ता मोबाइलवर सांगायला घेतला. पोस्टकार्डाच्या पाठीवर तो त्यांनी शंभरदा वाचला होता.

आता मास्तरीणबाईंच्या हातात फक्त आवाज होते. पलंग करकरला. उशी पडली. एका म्हाताऱ्या बाईचा दम लागलेला आवाज आला. "मघाशी निजव म्हणालास, आता उठव म्हणतोस. पोरगी आहे का गोणी?" हीच ती ताई, त्या माणसाची मोठी बहीण. मग कण्हणं, बारीक, दात आवळून केलेलं.

"बसली," बाप म्हणाला. "पाठीला मी टेकू दिलाय. पाय खाली सोडलेत. अजून लालच आहे, बाई. डोळे मिटून घेतलेत."

"सोडू नका. आता कपडे सैल करा. पोटाला पट्टा आहे का?"

"आहे."

"सोडा. बूट, मोजे काढा. कमरेची नाडी सोडा. आत्याबाई, पायाची बोटं बघा. नख रुतलंय, सुजलंय, भाजलंय, काही दिसतंय?"

"काही नाही गं बाई. पाय कसे, लोण्यासारखे आहेत. मीच रोज तेल लावते."

मास्तरीणबाई डोळे मिटून त्या खोलीत फिरत होत्या. न पाहिलेली खोली, न पाहिलेला पलंग, न पाहिलेली मुलगी. तिच्या शरीरात कुठेतरी काहीतरी दुखत होतं, तिला ते कळत नव्हतं, आणि फोनच्या तारेच्या या टोकाला बसून त्यांनी ते शोधायचं होतं. हा घण त्यांनी स्वतः एकदा सोसलेला होता. इस्पितळातल्या पहिल्या वर्षी, पोटपट्ट्याला पडलेल्या साध्या सुरकुतीमुळे. एका नवशिक्या परिचारिकेने मायेने त्यांना आडवं केलं होतं. तेव्हा कवटीचे सांधे मोकळे होतायत असं वाटलं होतं, आणि ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच आला नव्हता.

"लघवीची नळी आहे ना तिला?"

"हो, कायमची."

"कुठे मुडपलीय? अंगाखाली आलीय?"

"नाही. सरळ आहे. पिशवीत आहे की लघवी," बाप म्हणाला.

"किती?"

"अर्धी."

मास्तरीणबाईंनी पुढच्या प्रश्नाकडे, म्हणजे शौचाकडे, वळायला तोंड उघडलं आणि मिटलं. शाळेत त्या पोरांना नेहमी सांगायच्या, उत्तर बरोबर आलं म्हणजे गणित बरोबर आहे असं नाही.

"सकाळी किती होती?"

"अं?"

"सकाळी तिला खुर्चीत बसवलंत तेव्हा पिशवीत किती होती?"

"आठ वाजता ना? तेव्हाही..." बाप थांबला. "तेव्हाही अर्धीच होती. म्हटलं भरली की रिकामी करू."

म्हणजे साडेतीन तासांत पिशवीत एक थेंब पडला नव्हता.

"काका, नळीवर एक चिमटा असतो. वर, मांडीपाशी. बघा."

"तो तर मीच..." आवाज तिथेच बसला. "तो मी लावतो. उचलताना लावतो, पिशवी वर आली की घाण उलटी आत जाऊ नये म्हणून. एकतीस वर्षं बस चालवलीय मी, बाई. उभी केली की हँडब्रेक, हे हातालाच ठाऊक आहे. लावला होता. आणि काढायचा..."

"काढा!"

"आत्ता काढला. काढला. येतेय. देवा, केवढी येतेय."

"येऊ द्या. दुसरी पिशवी तयार ठेवा. तिला तशीच बसती धरा आणि चेहरा मला सांगत राहा."

पाच वाजता संपणाऱ्या दिवसात अडीच मिनिटं ही काही मोठी गोष्ट नाही. पण ती अडीच मिनिटं मास्तरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर एकेक करून काढली. चौकटराव दारात उभे होते, मोबाइल कानाला. त्यांनी दहा बोटं दाखवली: ॲम्ब्युलन्सला दहा मिनिटं. मग दोन हात आडवे धरून त्यांनी प्रश्नार्थक मान हलवली.

"हो, बरं झालं आठवण केलीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काका, ॲम्ब्युलन्सवाले आले की स्ट्रेचर काढतील आणि आधी आडवं करायला बघतील. डोकं दुखत असेल तोवर होऊ देऊ नका. तोंडाने सांगा. नाही ऐकलं तर त्या स्ट्रेचरवर तुम्ही आडवे पडा."

"पडतो," बाप गंभीरपणे म्हणाला. मग एकदम, "उतरतंय, बाई. लाली उतरतेय. कपाळ कोरडं होतंय. डोकं कमी झालं म्हणते."

चौकटरावांनी भिंतीला पाठ टेकली. मास्तरीणबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिला कान दुखायला लागला होता. आता खरं म्हणजे सुटकेचा श्वास घ्यायचा. पण त्यांना तो घ्यावासा वाटेना. एवढी तुंबलेली लघवी, एवढ्या वेगाने, आणि पोरगी ताठ बसलेली, पाय खाली लोंबकळणारे.

"आता कशी दिसते?"

"छान दिसते. लाली पार गेली. अगदी..." तो थांबला. "जरा जास्तच गेली. पांढरी पडलीय. ताई, ओठ बघ हिचे. बाई, मान टाकतेय ही! काय झालं हे?"

काय झालं ते मास्तरीणबाईंना कळलं होतं. चढलेला दाब आता धाडकन खाली येत होता. पहिल्या संकटातून ती सरळ दुसऱ्यात पडत होती. तिला आता निजवायला हवं होतं, पाय उंच करायला हवे होते. वीस मिनिटांच्या आत एकाच मुलीला दोन्ही चौकटी लागत होत्या.

"काका, तिला निजवा. पाय उशीवर."

"काय?"

"उताणी निजवा. आता निजवायचं."

"आत्ता म्हणालात निजवलं तर मरेल! आत्ता म्हणालात स्ट्रेचरवर मी आडवा पडू!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चिरकला. "आधी कार्डात एक, मग फोनवर दुसरं, आता पुन्हा पहिलं. बाई, तुम्ही नक्की कोणत्या बाजूच्या आहात? माझ्या पोरीवर प्रयोग चाललाय का तुमचा?"

"चेहरा पांढरा पडला की..."

"मला नका सांगू चेहरा!"

 मास्तरीणबाईंना सगळं बरोबर सांगता येत होतं आणि त्यातलं एकही अक्षर त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं. विश्वास त्यांनी सोमवारी दुपारी, दोन चेहरे आत वळवताना, खर्च करून टाकला होता. आता पलीकडे एक माणूस आपल्या पोरीला छातीशी धरून ताठ बसवत होता, जीव ओतून, आणि तिचं रक्त पायांत उतरत चाललं होतं. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"माझं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "कार्डाचंही नको. तिला विचारा. मघाशी ती बसव म्हणत होती, तेव्हा तिचं बरोबर होतं आणि माझं चूक होतं. शुद्धीवर आहे का? आत्ताच्या आत्ता विचारा, तिला काय हवंय."

पलीकडून कपड्यांची सळसळ आली. बापाचा आवाज, अगदी जवळून, लहान मुलाशी बोलतात तसा: "बाळा, ए बाळा. काय करू मी? सांग. तू सांगशील तसं करतो."

मग काहीच नाही. घड्याळाचा काटा सातावरून आठावर आला. नवावर आला.

"निजव," एक पातळ आवाज म्हणाला. "बाबा, निजव. अंधार आलाय."

पलंग पुन्हा करकरला. "उशा दे, ताई, दोन्ही दे. पाय वर. अजून वर." आणि मग नुसते श्वास, तिघांचे. कोणता कोणाचा ते कळेना. मास्तरीणबाईंनी आपला स्वतःचा श्वास धरून ठेवला होता, म्हणजे चौथा त्यात मिसळायला नको.

"डोळे उघडले," आत्याबाई म्हणाली. "बघतेय माझ्याकडे. काय गं, दिसते का मी?"

"दिसतेस. दुर्दैवाने," पातळ आवाज म्हणाला.

म्हातारी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "मेली, जीभ शाबूत आहे हिची. बाकी काही राहो न राहो."

"डोकं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "आता आडवी आहे, डोकं पुन्हा ठणकतंय का? तिलाच विचारा."

"नाही म्हणते. जड आहे, पण ठणकत नाही."

"ठणकायला लागलं तर ती सांगेल. ती सांगेल तसंच करा. ॲम्ब्युलन्स येईल तिच्याबरोबर जाच. आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, हे पुन्हा चढू शकतं. आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. चिमट्याची आणि कार्डाची."

"चिमट्याची सांगतो," बाप म्हणाला. त्याचा आवाज आता म्हातारा झाला होता. "माझ्याच हाताने केलं मी ते. तुमचं कार्ड राहिलं बाजूला. ब्रेक मी लावला."

ही सूट होती. तो ती देतोय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी त्या घरात ती गोष्ट आयुष्यभर चिमट्याचीच राहिली असती.

"काका, चिमटा कोणाच्याही हातून राहतो. तेवढ्यासाठीच तर कार्ड काढलं होतं. तुम्ही कार्ड वाचून बरोबर तेच केलंत जे मी सांगितलं. ते चुकीचं होतं. दहा मिनिटं ती माझ्यामुळे आडवी होती. हे तसंच्या तसं डॉक्टरांना सांगा, शब्द बदलू नका."

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"बाई," पातळ आवाज. "किती कार्डं गेलीत?"

"सहाशे बारा."

"आणि तुम्ही अजून माझ्याशी बोलताय?"

दूरवर भोंगा ऐकू आला आणि फोन बंद झाला.

मास्तरीणबाईंनी रिसीव्हर ठेवला. हात रिसीव्हरवरून निघेना, बोटं आखडली होती. चौकटरावांनी ती एकेक करून सोडवली. कुणाला पाणी प्यायचं सुचलं नाही. चौकटराव म्हणाले, "बाई, चित्रं मी हलवली. ओळी बांधलेल्या आहेत हे मला माहीत होतं."

"हलवायला मी सांगितलं. सही माझी आहे. यावर भांडायला संध्याकाळ पडलीय. यादी आणा."

यादीत प्रत्येक नावापुढे इजेची जागा लिहिलेली होती. छातीच्या मधल्या भागाच्या वर इजा असलेले तेवढे आधी काढायचे असं ठरलं. ते दोनशे अडतीस निघाले. गावातल्या पत्त्यांवर कार्डं काल पोचली असणार, बाहेरगावच्या पत्त्यांवर आज, बहुतेक दुपारच्या टपालाने. म्हणजे याच क्षणी कुठेतरी पोस्टमन पाकीट दारातून आत सरकवत असेल आणि कुणीतरी, घरातलं शिस्तीचं माणूस, कार्ड नीट बघून खुर्चीच्या खिशात ठेवत असेल. ज्यांच्या घरी शिस्त नाही त्यांची मास्तरीणबाईंना कमी काळजी वाटत होती. पाकीट न उघडता टाकून देणारा वर्गणीदार आज त्यांना देवासारखा वाटला असता.

चौकटरावांनी मोबाइलवर सगळ्यांना पाठवायचा संदेश लिहिला आणि वाचून दाखवला. "आमच्या कार्डात अनवधानाने..."

"अनवधानाने खोडा. पहिलं वाक्य: कार्ड फाडून टाका. दुसरं: डोकं ठणकलं तर ताठ बसवा. बास. माफी शेवटी, एका ओळीत."

"चौकट टाकू?"

त्यांनी नुसतं बघितलं. चौकटरावांनी चौकट टाकली नाही.

संदेश गेला, पण संदेश कोण कधी वाचतं? मास्तरीणबाईंनी यादी मांडीवर घेतली आणि पहिला नंबर लावला. एका शिंप्याच्या बायकोने उचलला. पाकीट अजून आलं नव्हतं. दुसरा एका निवृत्त कारकुनाचा. कार्ड काल आलं, फार सुरेख झालंय, म्हणाला, दोन प्रती जास्त मिळतील का? त्याला त्यांनी फोन न ठेवता कार्ड फाडायला लावलं आणि फाटल्याचा आवाज ऐकला. मग खात्रीसाठी विचारलं, "डोकं ठणकलं तर?" "ताठ बसवायचं," तो पोरासारखा म्हणाला.

तिसरा नंबर एका मायलेकांचा होता. मुलाची इजा मानेत, घरी दोघंच, आई ऐकायला थोडी कमी. पत्ता गावातला, म्हणजे कार्ड काल पोचलेलं.

घंटा वाजली. आठ वेळा, दहा वेळा. चौकटराव आपल्या फोनवर दुसऱ्याच कुणाला तरी "ताठ, ताठ" म्हणून सांगत होते. मास्तरीणबाईंच्या कानात घंटा वाजत राहिली आणि आपोआप तुटली. बाजारात गेले असतील. झोपले असतील. आईला ऐकू आलं नसेल.

यादीत त्या नावापुढे खूण करायला त्यांनी पेन्सिल टेकवली. टोक तिथेच राहिलं. खाली अजून दोनशे पस्तीस नावं होती आणि त्यातलं कुठलं आत्ता लाल आहे हे त्यांना कळायचा काही मार्ग नव्हता.

त्यांनी पुन्हा तोच नंबर लावला.